न जेवता पाहिलेलं डेन्मार्क

मूळ गाव कोणतं असं कुणी विचारलं, की आमच्या घरची माणसं पाण्याकडे बोट दाखवतात. शेवगाव तालुक्यात धरणाचा फुगवटा आहे. त्याच्या तळाशी आजोबांचं घर, मारुतीचं देऊळ आणि आमची काळी जमीन आहे. धरण झालं तेव्हा वडिलांना मिसरूडही फुटलं नव्हतं. साहेब जीपमधून आले, उभ्या उभ्या कागद वाचून दाखवला आणि गेले. आजोबा पुढं जन्मभर एकच वाक्य बोलायचे, "इचारलं न्हाई रं कुनी." जमीन गेल्याचं त्यांनी पचवलं. न विचारल्याचं मात्र शेवटपर्यंत पचलं नाही.

नव्या गावठाणाला मिळाला तो माळ. त्यात कुसळं यायची. मग आमच्या घरानं गाळपेर धरली. उन्हाळ्याच्या तोंडाला धरणाचं पाणी उतरतं आणि तळाचा गाळ उघडा पडतो. त्यात टरबूज, काकडी, भुईमूग टाकायचा आणि पाणी चढायच्या आत काढून घ्यायचा. म्हणजे स्वतःच्याच बुडालेल्या रानात आम्ही पाहुण्यासारखे जायचो. वर वाळलेला पापुद्रा, खाली गुडघाभर चिखल. वडील काठी टोचत पुढं, मागं आई, तिच्यामागं मी आणि माझ्या कडेवर धाकटा दत्ता. वडिलांची ताकीद एकच, "पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकू नका. त्यानं पापुद्रा मोडलेला आसतो. बाजूला टाका." एका वर्षी वरून पाणी आलं आणि तोडायला आलेली टरबुजं आमच्या डोळ्यांदेखत तरंगत गेली. ते वर्ष आम्ही भाकरी आणि मीठ-मिरचीवर काढलं.

त्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. इतिहास घेऊन बी.ए., मग बी.एड., मग माध्यमिक शाळेत शिक्षिका. "मोठेपणा म्हणून सांगत नाही" असं म्हणायची पद्धत आहे. मी मोठेपणा म्हणूनच सांगते आहे. वडील गेल्यावर दत्ताला मी शिकवलं. तो आयटीआय झाला, सुप्याकडच्या डोंगरावर पवनचक्क्यांच्या कामाला लागला आणि तिथून कंपनीनं त्याला डेन्मार्कला नेलं. शेळ्यांमागं फिरणारं आमचं पोरगं समुद्रातल्या पवनचक्क्यांवर चढू लागलं.

एक दिवस त्यानं व्हिडिओ कॉलवर आईला एक मुलगी दाखवली. नाव मेटे. तीही पवनचक्कीवर चढणारी. मुलगी हसली, आई हसली. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "पोरगी बरी हाय. पर घर कोन बगनार? मानसं शब्दाची हायत का न्हाई, ते फोनात दिसत न्हाई."

चुलते आप्पा तिथंच बसले होते. "बगाया जानार कोन? तू?"

"थोरली जाईल की."

"बाईमानूस कुटं सोयरीक बगाया जातं व्हय?"

"मग तुमी जावा. काडा पासपोट."

आप्पा तंबाखू मळायला लागले. दत्तानं त्याच रात्री निरोप पाठवला, "अक्काला येऊ दे. ती न्हाई म्हणली तर मी लग्न करनार न्हाई." म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मे महिन्याची सुट्टी होती. मुलं नवऱ्याच्या हवाली केली आणि निघाले. पिशवीत बाजरीचं पीठ, खर्डा, शेंगदाण्याची चटणी. आईनं निघताना पदर सावरत बजावलं, "पानी पी, च्या पी. पर होकार द्यायच्या आदी त्यांच्या ताटावर बसू नको. जेवलीस म्हंजी ठरलं. खाल्ल्या मिठाला मग जागावं लागतं."

आमच्याकडं हे असंच आहे. पसंती नसेल तर चहा-पोह्यांवर उठायचं. मी मान हलवली. एवढं सोपं काम दुसरं नाही, असं मला वाटलं.

कोल्डिंग

दत्ता युटलंडमध्ये राहतो. डेन्मार्कचा हा मुख्य भूमीला जोडलेला भाग, बाकी देश बेटाबेटांचा. त्याच्या घराचं दार मेटेनं उघडलं. माझ्यापेक्षा वीतभर उंच, केस आखूड, तळहात शेतकऱ्यासारखे. ती म्हणाली, "या अक्का, लई दमलाव का?"

मी दत्ताकडं पाहिलं. "हे तू शिकवलंस?"

"मंग काय पुस्तकातलं शिकवू? पुस्तकातलं मलाच येत न्हाई."

मेटेनं स्वतः भाजलेला केक पुढं केला. मी कॉफी घेतली, केकला हात जोडले. दत्ता तिला डॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला आणि म्हणताना त्यानं स्वतःच्या पोटावर हात फिरवला. मला डॅनिश येत नाही, पण पोटावरचा हात कुठल्याही भाषेत कळतो.

"काय सांगितलंस?"

"काय न्हाई. प्रवासानं भूक मेली म्हणलं."

आईची अट त्याला ठाऊक होती. मेटेला ती समजावून सांगायची त्याला लाज वाटत होती. मी म्हटलं, चला, आजच्या दिवस चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेटेचे वडील दारात हजर. आपल्याकडं माहेरवाशिणीला न्यायला मुऱ्हाळी येतो, तसे येन्स मला न्यायला आपल्या बेटावरून गाडी घेऊन आले होते. बॉर्नहोम त्या बेटाचं नाव, देशाच्या पार पूर्वेला, समुद्रात एकटं. येन्स शेतकरी. जव, बटाटे आणि डुकरं. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि माझं शाळेतलं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. मी पहिला प्रश्न विचारला, "शेती किती?" त्यांनी उलट विचारलं, "तुमच्याकडं पाऊस किती?" दोघांनाही एकमेकांची उत्तरं खोटी वाटली.

मग ते म्हणाले, "आमच्या घरी विमानानंही जाता येतं. पण माझ्या मुलीचं घर बघायला आलेल्या माणसानं सोळाशे अठ्ठावन्न सालातून यावं, असं मला वाटतं. वाट लांबची आहे."

मी इतिहासाची शिक्षिका. मला वाटेची भीती कोण घालणार? दत्ता आणि मेटेला घेऊन आम्ही चौघं निघालो.

लहान बेल्टचा काठ

बेल्ट म्हणजे दोन भूभागांमधली समुद्राची पट्टी. काठावर उभं राहिलं की पलीकडचं बेट दिसतं, झाडंसुद्धा मोजता येतील इतकं. पाणी करड्या रंगाचं, वारा असा की माझा पदर दत्ताला धरून ठेवावा लागला.

येन्सनी तिथं उभं राहून सांगितलं. डेन्मार्कच्या राजानं शेजारच्या स्वीडनशी आपण होऊन युद्ध काढलं. स्वीडनचा राजा दूर पोलंडात गुंतलाय, तोवर हात मारून घेऊ, असा हिशेब. पण तो तिथून उलटा फिरला, दक्षिणेकडून चढून आला आणि हे सगळं युटलंड त्यानं घेतलं. डॅनिश लोक बेटांवर निवांत होते, मध्ये समुद्र आहे म्हणून. आणि त्या हिवाळ्यात समुद्रच गोठला. सोळाशे अठ्ठावन्नच्या जानेवारीच्या अखेरीला स्वीडनची फौज घोडे, तोफा, गाड्या घेऊन इथून बर्फावर उतरली.

"सगळी पार झाली?"

"काही घोडदळ बर्फ फुटून आत गेलं. बाकीचं पोचलं. मग तसंच बेटाबेटावरून थेट राजधानीच्या बेटापर्यंत."

आपल्याकडं त्याच साली दिल्लीच्या गादीसाठी सख्ख्या भावांच्या लढाया चालल्या होत्या. हे मी येन्सना सांगितलं. ते म्हणाले, "आमचे भाऊ नव्हते, शेजारी होते." मी म्हटलं, "मग बांधाचं भांडण. ते जास्त वाईट."

मी पाण्याकडं बघत होते आणि मला आमचा गाळ दिसत होता. त्यांचा समुद्र थंडीनं रस्ता झाला, आमचं धरण उन्हानं होतं. मी येन्सना वडिलांची ताकीद सांगितली, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायचं नाही. ते थबकले. "आजोबा मला गोठलेल्या तळ्यावर हेच सांगायचे," ते म्हणाले. "पुढचा जिथून गेला तिथं बर्फ आधीच दुखावलेलं असतं." एका दुष्काळी तालुक्यातल्या आणि एका बर्फाळ बेटावरच्या माणसाची शिकवण एकच निघाली, याचं आम्हा दोघांनाही इतकं बरं वाटलं, की आम्ही एकमेकांचे हात हातात घेऊन हलवले. दत्ता मेटेला म्हणाला, "जमलं वाटतं." मी म्हटलं, "गप. अजून काही जमलं नाही."

दुपारी गाडीच्या बॉनेटवर येन्सनी शिदोरी सोडली. त्यांचा पाव काळा, जड, राय नावाच्या धान्याचा. बाजरीची भाकरी आंबवून चौकोनी केली तर अशी लागेल, असं मी वासावरून ठरवलं. मी माझी भाकरी-खर्डा सोडला. येन्सनी माझ्याकडं त्यांचा डबा सरकवला. मी हात जोडले. दत्ताचा हात पुन्हा पोटावर गेला, या वेळी चेहराही पडला. मी येन्सना भाकरीचा तुकडा दिला. त्यांनी आमचं खाल्लं तर काही बिघडत नव्हतं. खर्ड्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. डोळे पुसून त्यांनी दुसरा तुकडा मागितला. हा एक गुण मी मनात लिहून घेतला.

रोस्किल्ड आणि राजाची पंगत

एक बेट ओलांडून आम्ही दुसऱ्या बेटावर रोस्किल्डला आलो. लाल विटांचं उंच चर्च, आत राजेराण्यांच्या दगडी कबरी ओळीनं. याच गावात त्या फेब्रुवारीत तह झाला. डेन्मार्कच्या राजानं समुद्रापलीकडचे आपले सुपीक प्रांत स्वीडनला लिहून दिले. त्याच कागदात बॉर्नहोम बेटही दिलं.

"बॉर्नहोमला विचारलं होतं का?" मी विचारलं.

"कुणाला?"

"तिथल्या माणसांना."

येन्सनी टोपी काढून हातात घेतली. "नाही."

मग मी त्यांना साहेबाची जीप, वाचलेला कागद आणि आजोबांचं वाक्य सांगितलं. चर्चमध्ये मोठ्यानं बोलू नये म्हणून हळू सांगितलं, पण सांगितलं. मेटे मागं उभी राहून सगळं ऐकत होती. दत्तानं तिला हे कधी सांगितलं नसावं.

तिथून उत्तरेला हिलेरोडला राजाचा एक वाडा आहे, तळ्याच्या मधोमध बांधलेला. पाण्यात पडलेली त्याची सावली खऱ्या वाड्यापेक्षा स्थिर. तहानंतर डेन्मार्कच्या राजानं जिंकणाऱ्या राजाला इथं मेजवानीला बोलावलं. दोघं राजे एका पंगतीला बसले. खाणं, वाद्यं, एकमेकांच्या नावानं प्याले.

"आणि मग?"

"मग ऑगस्टमध्ये तो परत आला. फौज घेऊन. राजधानीला वेढा घातला."

"जेवून?"

"जेवून."

"म्हणजे हात वाळायच्या आतच की!"

येन्स इतक्या जोरात हसले, की तिथल्या रखवालदारानं वळून पाहिलं. मी हसत नव्हते. मला आईचं वाक्य आठवत होतं. ज्याच्या घरी जेवला त्याच्यावर उलटायचं, याला आमच्याकडं शिवीपेक्षा वाईट शब्द आहेत. ते मी तिथं उच्चारले नाहीत, वाडा राजाचा होता.

बाहेर हॉटेलात येन्स माझ्यासाठी स्वतः वाफाळतं सूप घेऊन आले. मी हात जोडले. या वेळी दत्ता बराच वेळ डॅनिशमध्ये बोलला. येन्सनी फोन काढून बायकोला, इंगरला, काहीतरी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडं काळजीनं बघत होते. मला वाटलं, जेवणाची तयारी थांबवायला सांगत असतील. बरंच झालं.

शत्रूच्या मुलखातून

राजधानीहून बॉर्नहोमला मोटारीनं जायचं तर समुद्रावरच्या लांब पुलानं स्वीडनमध्ये शिरावं लागतं आणि त्याच्या दक्षिण काठावरून बोट धरावी लागते. आपल्याच बेटावर जायला शेजाऱ्याच्या अंगणातून वाट. हाच तो तहात गेलेला मुलूख. तो कायमचा गेला. दोन्ही बाजूंना मोहरीसारख्या फुलांची पिवळी शेतं, नजर पोचेल तिथवर. माती बघून मी म्हटलं, "जमीन भारी आहे."

"होती," येन्स म्हणाले. "म्हणून तर त्यांनी घेतली."

गाडीतलं पेट्रोल खाली आलं होतं. मेटेनं दोनदा सांगितलं, भरून घेऊ. येन्स म्हणाले, "स्वीडनमध्ये मी पेट्रोल भरत नाही."

"बाबा, साडेतीनशे वर्षं झाली!"

"म्हणून तर. सवय मोडवत नाही."

दत्ता माझ्या कानाशी म्हणाला, "आपले आप्पा आन् शेजारचं गाव. तसंच हाय बग, अक्का." बोटीच्या धक्क्यापर्यंत काटा तांबड्यात होता आणि आम्ही चौघं श्वास धरून बसलो होतो. पोचलो. येन्सना लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

बोटीच्या डेकवर मेटे माझ्याजवळ येऊन बसली. माझी शाल तिनं नीट केली आणि म्हणाली, "अक्का, मला एक बोलायचं हाय." तेवढ्यात येन्सनी आतून हाक मारली, बेट दिसायला लागलं म्हणून. मी म्हटलं, "थांब हं बाळ, आले." आणि गेले. मला येन्सकडून गावची, घराण्याची आणखी माहिती काढायची होती. सोयरीक बघायला आलेली मी, माझ्या डोक्यात घर होतं, बाप होता, बापाचा शब्द होता.

बॉर्नहोम

बेटाच्या उत्तर टोकाला समुद्रावर झुकलेल्या कड्यावर एक पडका किल्ला आहे. आपल्या सह्याद्रीतला एखादा उचलून समुद्रात ठेवावा तसा. घरी जायच्या आधी येन्सनी तिथं नेलं, कारण त्या वर्षाचा शेवट तिथं होता. तहानंतर स्वीडनचा एक अधिकारी बेटाचा कारभारी म्हणून आला, तो या किल्ल्यात राहायचा. त्यानं कर बसवले, पोरं फौजेत ओढली. त्याच डिसेंबरात बेटावरच्या लोकांनी त्याला पकडलं आणि तो भर रस्त्यात मारला गेला. मग किल्ल्यातल्या शिपायांनी हत्यारं टाकली. राजाची फौज नाही, आरमार नाही. शेतकरी, गावकरी, पाद्री.

"आणि मग त्यांनी बेट कुणाला दिलं?"

"डेन्मार्कच्या राजाला."

"ज्यानं न विचारता देऊन टाकलं, त्यालाच?"

"हो. पण अट घालून. पुन्हा कधी कुणाला द्यायचं नाही. राजानं ते लिहून दिलं आणि ते पाळलं गेलं."

वर्षाच्या सुरुवातीला शब्द देऊन, पंगतीला जेवून उलटणारा एक राजा. आणि शेवटाला साधी माणसं, अट आधी बोलून मग शब्द देणारी. आईनं सांगितलं होतं, शब्दाची माणसं बघ. मला वाटलं, माझं काम झालं. आता येन्सनी शब्द दिला, की जेवायला मोकळी.

इंगर दारात उभी होती. ठेंगणी, गालांवर लाली, हात पिठाचे. तिनं मला मिठी मारली आणि हळूच, जपून, आत नेलं. टेबलावर नवे बटाटे, लोणी, धुरावर भाजलेले सोनेरी हेरिंग मासे, मुळ्याच्या चकत्या, लाल देठांचा गोड पदार्थ. आणि माझ्या जागेवर? एका वाडग्यात पाण्यासारखी पातळ पेज. खुर्चीवर गरम पाण्याची पिशवी. शेजारी एक बाई बसलेली, पायाशी बॅग. ती गावातली नर्स होती. तिनं उठून माझ्या मनगटाची नाडी धरली.

"दत्ता," मी मराठीत म्हटलं, "काय सांगितलंस यांना?"

दत्ता छताकडं बघत म्हणाला, "कोल्डिंगला म्हणलं भूक न्हाई. बेल्टवर म्हणलं पोट बिघडलं. वाड्यावर म्हणलं... ऑपरेशन झालंय."

"कशाचं?"

"ते सांगितलं न्हाई. पोटाचं."

मी नाडी सोडवून घेतली. नर्सबाईंना नमस्कार केला. मग माझ्या शाळेतल्या इंग्रजीत, वर्गात बोलते तशी ठणठणीत आवाजात सगळं खरं सांगितलं. मला काही झालेलं नाही. आमच्याकडं होकाराआधी मुलीच्या घरी जेवत नाहीत. जेवलं की मिठाला जागावं लागतं. मी अजून होकार दिलेला नाही, म्हणून जेवत नाही.

इंगरच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिचा चेहरा पडला. दोन दिवस राबून केलेल्या स्वयंपाकासमोर पाहुणी म्हणते, अजून ठरलं नाही. कुणाचाही पडेल. मला वाटलं, संपलं. माझ्या भावाचं लग्न मी या टेबलावर मोडलं.

येन्सनी हळूहळू इंगरला डॅनिशमध्ये समजावलं. मला दोनच शब्द कळले, राजा आणि वाड्याचं नाव. मग ते माझ्याकडं वळले. "स्वीडनच्या राजाला तुमच्या आईनं वाढवायला हवं होतं," ते म्हणाले. "विचारा. काय विचारायचं ते न जेवता विचारा."

मी विचारलं, "उद्या इथलं काम संपलं, दत्ता आजारी पडला, एकटा पडला, तर तुमचं घर त्याला परका म्हणेल का? मला तुमचा शब्द हवा."

"माझा शब्द आहे. माझं दार त्याला उघडं राहील," येन्स म्हणाले. "पण संसाराचा शब्द मी देऊ शकत नाही. तो मेटेचा. माझ्या मालकीचा नाही."

आमच्याकडं बापानं शब्द दिला की झालं. मी गोंधळून मेटेकडं पाहिलं. खरं सांगायचं तर त्या प्रवासात मी तिच्याकडं नीट पाहिलं ते तेव्हा.

मेटे उठून माझ्यासमोर आली. निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत बोलली. "अक्का, मी बोटीवर बोलनार हुते. तुमी बाबांना सगळं इचारलं. शेती इचारली, पाऊस इचारला. मला कायबी इचारलं न्हाई."

मला चर्चमध्ये मीच विचारलेला प्रश्न ऐकू आला. बॉर्नहोमला विचारलं होतं का? जीपमधला साहेब आठवला. कागद त्याच्या हातात होता, आज तो माझ्या हातात होता.

मी पेजेचा वाडगा बाजूला सरकवला. "बस," मी म्हटलं. "आता विचारते. तुला काय हवं? तुझी अट काय?"

ती बसली. तिच्या अटी दोन. आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात असं दत्ता म्हणाला, तर तिचं नाव बदलायचं नाही. आणि पुढं जे ठरेल, कुठं राहायचं, कधी भारतात यायचं, ते अक्का आणि दत्तानं फोनवर परस्पर ठरवून तिला कळवायचं नाही. तिला बसवून ठरवायचं.

"आणि तुमची?" तिनं मला विचारलं.

"एकच. आईला गरज पडली तर दत्ता येईल. तू अडवायचं नाहीस."

"अडवनार न्हाई. मीबी येईन. पर मला सांगून."

दत्तानं तोंड उघडलं. मी म्हटलं, "तू गप. तुझं ऑपरेशन झालंय." नर्सबाईंना कुणीतरी ते डॅनिशमध्ये सांगितलं आणि सगळ्यात आधी त्याच हसल्या.

माझ्या आधी आमच्या घरात जितक्यांनी सोयरिकी जमवल्या, ते सगळे बापांशी बोलून आले होते. त्यांच्या पावलांवर पाऊल टाकत मी युटलंडपासून इथवर आले आणि ऐन टेबलावर पापुद्रा फुटला. वडिलांनी सांगितलं होतं, बाजूला टाका. मी टाकलं.

मी इंगरला म्हटलं, "ताट वाढा." ताट म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं पेज उचलली आणि तीन मासे वाढले. वरून अंड्याचा कच्चा पिवळा बलक ठेवला, तो मी दत्ताच्या ताटात सरकवला. मासा आपल्या सुकटाचा श्रीमंत चुलतभाऊ, धुराचा वास आणि आत लोण्यासारखा मऊ. बटाटे मातीतून त्याच दिवशी काढल्यासारखे. मी पोटभर जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. येन्सनी माझा खर्डा मागितला.

बाहेर अजून लख्ख उजेड होता, तिकडं मे महिन्यात सूर्य मावळायचं नावच घेत नाही. आईला फोन लावला. तिच्याकडं मध्यरात्र उलटली होती, पण ती जागीच होती. तिनं प्रवासाचं विचारलं नाही, थंडीचं नाही, समुद्राचं नाही.

"जेवलीस का?"

"जेवले, आई."

पलीकडून आवाज आला, "आप्पा! ओ आप्पा! उटा. जेवली ती."

लग्न पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावठाणात झालं. धरणाचं पाणी तेव्हा पार खाली गेलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी येन्स आणि इंगर आमच्याबरोबर गाळावरून चालत मारुतीच्या उघड्या पडलेल्या जोत्यापर्यंत आले, एकमेकांच्या पावलांच्या बाजूनं पाय टाकत. पत्रिकेवर सुनेचं नाव मेटे होतं, आजही मेटेच आहे. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि मुलीला विचारून ठरलेली आमच्या घरातली पहिली सोयरीकही मीच जमवली.